भिंतीवरचा सूर्य आणि स्वप्नातला सूर्य



मागच्या महिन्यात आमच्या सुनेने एका प्रदर्शनातून पितळेचा सूर्य आणला. गोल चेहरा, मोठे डोळे, पिळदार मिशा, भोवती किरणे. किंमत साडेतीन हजार. पूर्वेच्या भिंतीला लावला की घरात पैसा टिकतो, असे तिला कुणीतरी सांगितले होते. "आई, वर्षभर दुकानाचं काही खरं नाही. लावून तर बघू," असे म्हणताना तिचे डोळे भरून आले. म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण विषय डोक्यातून जाईना.

आपल्या मंदिरांत सूर्याचे चित्र आपण लहानपणापासून बघतो. तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या स्वप्नांच्या पटात तो असतोच. आपण दिगंबर सोळा स्वप्ने मानतो, श्वेतांबर चौदा मानतात. पण दोन्हींकडे सूर्य सातवा, चंद्राच्या लगेच नंतर. कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्यांत निजलेली त्रिशलामाता आणि तिची स्वप्ने चिमुकल्या चौकटींत रंगवलेली असतात, त्यातही तो आहे. या सूर्याचा अर्थ काय? जिनसेनाचार्यांनी आदिपुराणात तो नाभिराजांच्या तोंडून सांगितला आहे. मरुदेवीला ते एकेका स्वप्नाचे फळ सांगतात: सिंह दिसला, म्हणून पुत्र अनंत बलाचा होईल, चंद्र दिसला, म्हणून लोकांना आनंद देणारा होईल, सूर्य दिसला, म्हणून तेजस्वी होईल. हे आचार्य 9व्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, आपल्या सोलापूरपासून फार लांब नाही.

म्हणजे चित्रातला सूर्य येणाऱ्या जीवाचा गुण सांगतो. त्याने राजवाड्यात पैसा आणला, असे कुठे म्हटलेले नाही.

दुसरे एक चित्र आठवा, जंबूद्वीपाच्या नकाशाचे. मध्ये मेरू आणि त्याला प्रदक्षिणा घालणारे दोन सूर्य, दोन चंद्र. लहानपणी मला याची फार गंमत वाटायची. पुढे स्वाध्यायात हिशेब कळला: जंबूद्वीपात 2, लवणसमुद्रात 4, धातकीखंडात 12, कालोदधीत 42, पुष्करार्धात 72. कॉमर्सवालीला बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही. ती होते 132. अडीच द्वीपांत इतके सूर्य, आणि सगळे आपापल्या ठरल्या वाटेने फिरणारे. कुणाच्या दिवाणखान्यासाठी ते वाट बदलत नाहीत.

तिसरे उदाहरण जुन्या धातुप्रतिमांचे. कित्येक जिनप्रतिमांच्या आसनाखाली ग्रहांची ओळ कोरलेली असते, आणि त्यात सूर्यही असतो. त्याची जागा बघा: भगवंतांच्या पायाशी. मस्तकामागे असते ते भामंडल, अष्टप्रातिहार्यांपैकी एक. सूर्यासारखेच गोल, किरणांचे. पण ते तेज त्यांचे स्वतःचे. कारागिराने एका शब्दाशिवाय सगळे सांगून ठेवले आहे.

यात कुणाला कमी लेखायचे नाही. आमच्या शेजारच्या वहिनी रथसप्तमीला अंगणात सात घोड्यांच्या रथाची सुरेख रांगोळी काढतात, गोवऱ्यांवर दूध उतू घालतात. ते कृतज्ञतेचे चित्र आहे, दुपारपर्यंत पुसूनही जाते. गावोगावच्या वीरगळांवर वरच्या बाजूला चंद्र-सूर्य कोरलेले असतात: ते आकाशात असेतोवर या वीराची आठवण राहो, एवढीच त्यामागची इच्छा. तिथे सूर्य साक्षीदार आहे. सौदा कुठेच नाही.

सौदा आला तो आपल्या भीतीतून. वराच्या आशेने देवदेवतांना भजणे याला समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात देवमूढता म्हटले आहे. दशलक्षणात आपण हे ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन भिंतीची दिशा बघतो. मीही त्यातलीच. मुलाच्या दहावीच्या वर्षी मी काय काय केले होते, ते इथे लिहायला लाज वाटते.

शेवटी एका रविवारी मी मुलाला म्हटले, दुकानाच्या वह्या आण. आम्ही तिघे बसलो. विक्री बरी होती. पण निम्म्याहून जास्त उधारी, आणि त्यातली बरीच सहा महिन्यांहून जुनी. पाहुणे, मित्र, ओळखीचे, मागायचा संकोच. गळती तिथे होती. सून म्हणाली, "मग मी फोन करते, मला नाही संकोच." आता दर शनिवारी ती यादी घेऊन बसते. सगळे आले नाही. पण थोडे थोडे येऊ लागले आहे.

तो पितळी सूर्य मी परत करायला लावला नाही. वस्तू सुंदर आहे, आणि तिने घरच्या काळजीपोटी आणली आहे. फक्त पूर्वेची भिंत सोडून तो स्वयंपाकघराबाहेर, घड्याळाशेजारी लावला. आपल्या घरात सूर्याचे खरे काम तिथेच आहे. तो मावळायच्या आत ताटे वाढून व्हायला हवीत, एवढे त्याच्याकडे बघून लक्षात राहिले तरी पुष्कळ. नात विचारते, "आजी, या सूर्याला मिशा का?" मी तिला म्हणते, मंदिरात चल, तुला बिनमिशांचा दाखवते, सातव्या स्वप्नातला.

तुमच्याही घरात असा एखादा सूर्य असेल, तर काढून टाकू नका. त्याच्याकडे काही मागू मात्र नका. आणि घरात पैशाची चिंता असेल, तर एकदा वही उघडून बघा.