जुन्या काचेला कूळ चिकटविताना

माढ्याकडच्या जुन्या घरांतून निघालेली हिरवट बशी दिसली की ती ‘ओगल्यांची’, आणि जाड पेला दिसला की तो ‘इंग्रजांच्या काळातला’, असे ठरवून मोकळे होण्याच्या रीतीला आमचा आक्षेप आहे.

तळेगावचा पैसाफंड काचकारखाना १९०८ सालचा, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा १९१६ सालचा. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला. पण कंदिलाची कीर्ती वाटी-बशीच्या पदरात टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? १९३०च्या सुमारास जपान व चेकोस्लोव्हाकियाचे काचसामान भरपूर येत होते. फिरोजाबादच्या भट्ट्याही पेटत्या होत्या. शिवाय माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीला मुंबईची मोठी गाडी आणि बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी एकत्र येत. माल येण्याच्या वाटा अनेक होत्या.

हिरवट छटा हा पुरावा नव्हे. वाळूत लोहाचा अंश असला की काच हिरवट होते, वाळू कोणत्याही देशाची असो. अंगावरून उतरणारी उभी बारीक रेघ साच्याचा सांधा सांगते, कारखाना सांगत नाही.

अमेरिकेत मंदीच्या काळात साच्यातली स्वस्त रंगीत भांडी ओटच्या डब्यांतून आणि चित्रपटगृहांतून फुकट वाटली गेली. तिथल्या हौशी संग्राहकांनी जुन्या जाहिराती व मालाच्या याद्या ताडून एकेका नक्षीचा कारखाना निश्चित केला. तरीही १९७०च्या दशकात ‘चेरी ब्लॉसम’ नक्षीच्या नकला बाजारात आल्या, आणि पानाफुलांच्या रेषा बारकाईने तपासणे भाग पडले. नक्षी ओळखली म्हणजे वस्तू ओळखली, असे नाही.

आपल्याकडे असा ताळा घेण्याची सामग्री दुकानदारांच्या वह्यांत, पावत्यांत आणि लग्नातल्या आहेराच्या याद्यांत असू शकते. ती रद्दीत जाण्यापूर्वी वाचली पाहिजे. भांड्याची उंची, घेर, वजन, नक्षी आणि ते घरात कोणत्या पिढीत आले, एवढे टिपून ठेवावे. कर्त्याचे नाव सापडत नसेल तर ती जागा कोरी राहू द्यावी.

हा केवळ काटेकोरपणाचा हट्ट नव्हे. जपानी पेला ओगल्यांच्या खाती जमा केला, तर कोणत्या स्वस्त परदेशी मालाशी झुंजत स्वदेशी कारखाने उभे राहिले, तेच आपण पुसून टाकतो. अभिमानापोटी केलेली ही चूक त्यांच्या कष्टांनाच लहान करते.