राष्ट्रपतीच्या निवडणुकीत चांद्याचा वाटा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर चार वर्षांनी अध्यक्षाची निवडणूक होते व तिचा निकाल लागला म्हणजे तिकडील वृत्तपत्रे एकेका संस्थानाचा आकडा निराळा मांडून छापतात. अमुक संस्थान कोणाकडे गेले, तमुक किती मतांनी हुकले, याची तेथे घरोघर चर्चा चालते; आणि पुढे पन्नास वर्षांनीही त्या जुन्या आकड्यांवर अभ्यासकांचे ग्रंथ निघतात. हे वाचून आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी आम्हांस विचारले की, आपल्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीतही असा राज्यवार हिशेब असतो काय? आणि असल्यास आमच्या या चांदा-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाचे त्यात काय मोजले जाते? प्रश्न मार्मिक आहे. आपल्या सुशिक्षित घरांतही राष्ट्रपतीची निवडणूक म्हणजे दिल्लीत परस्पर उरकणारे एक कार्य, अशीच समजूत बहुधा आढळते. म्हणून या महिन्यात तोच विषय घेण्याचे आम्ही योजिले आहे. भाताचे एक शीत दाबून सगळ्या भांड्याची परीक्षा करावी, या स्थालीपुलाकन्यायाने एका प्रदेशाचा हिशेब पाहिला तर साऱ्या देशाची रीत कळून येईल.

प्रथम दोन्ही देशांच्या पद्धतीतील भेद ध्यानी घ्यावा. अमेरिकेत एकंदर ५३८ निर्वाचक असून त्यांपैकी २७० ज्यास मिळतील तो अध्यक्ष होतो. मेन व नेब्रास्का ही दोन संस्थाने वगळली तर इतरत्र ज्यास अधिक मते त्यास त्या संस्थानाचे सगळेच निर्वाचक मिळतात. आपल्याकडे तसे नाही. लोकसभा व राज्यसभा यांचे निवडून आलेले सभासद आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार मिळून हे निर्वाचक मंडळ बनते व प्रत्येकाचे मत स्वतंत्र मोजले जाते. राज्याची मोट बांधून ती एकाच उमेदवाराच्या पदरी टाकण्याची रीत येथे नाही.

आता त्या मताचे मोल कसे ठरते ते पाहू. राज्याच्या लोकसंख्येस निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागावयाचे व आलेल्या उत्तरास पुनः एक हजाराने भागावयाचे, एवढेच हे गणित आहे. यासाठी १९७१ च्या जनगणनेचा आकडा धरतात. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो स्थिर केला व २००१ सालच्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तोच कायम ठेविला. १९७१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तीस २८८ ने व नंतर हजाराने भागले असता १७५ येतात. हे एका आमदाराच्या मताचे मोल झाले. सबंध राज्याचे ५०,४०० होते. उत्तर प्रदेशात हेच मोल २०८ आहे, तर सिक्कीममध्ये केवळ ७.

चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, चिमूर व वरोरा असे सहा मतदारसंघ आहेत. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी, गडचिरोली व अहेरी असे तीन, आणि हे तिन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. एकूण नऊ आमदार. त्यांच्या मतांचे मोल १,५७५. पैकी एकट्या गडचिरोलीचे ५२५. सिक्कीमच्या संपूर्ण विधानसभेच्या ३२ सभासदांचे मोल अवघे २२४ भरते, हे ज्यास ठाऊक आहे तो या ५२५ स क्षुल्लक म्हणणार नाही. मुलांस त्रैराशिक शिकविताना घरातील वडील मंडळींनी हे उदाहरण अवश्य घालावे. गणित व नागरिकशास्त्र यांचा एकत्र पाठ होईल.

परंतु हा प्रदेश कोणत्या राज्याच्या रकान्यात मोजावयाचा, हेच पहिल्या दहा वर्षांत दोनदा बदलले, ही मौज फार थोड्यांस ठाऊक असेल. १९५२ साली राजेंद्रप्रसाद ५,०७,४०० मतांनी निवडून आले, तेव्हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता व आमचे आमदार नागपूरच्या विधानसभेत बसत. वर्धा नदीपलीकडचा राजुरा तालुका तर त्या वेळी हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. एका तीरावरील आप्तांची गणना नागपुरात व दुसऱ्या तीरावरील आप्तांची हैदराबादेत, असा तो प्रकार होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर १९५७ साली चांद्याची मते द्वैभाषिक मुंबई राज्यात मोजली गेली. आणि १९६२ साली राधाकृष्णन् निवडून आले तेव्हा ती प्रथमच महाराष्ट्राची म्हणून गणली गेली. राजुराही दरम्यान नांदेड जिल्ह्यातून फिरून १९५९ साली चांद्यास येऊन मिळाला होता. मनुष्ये तीच, नद्या त्याच, रानेही तीच. रकाने मात्र तीन झाले. पुढे १९८२ साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या सर्व निवडणुकांत अत्यंत अटीतटीची झाली ती १९६९ सालची. झाकीर हुसेन यांचे मे महिन्यात पदावर असतानाच निधन झाले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. विरुद्ध बाजूस व्ही. व्ही. गिरी, आणि स्वतंत्र व जनसंघ या पक्षांच्या पाठिंब्याने तिसरे उभे राहिले ते आपले चिंतामणराव देशमुख. मॅट्रिकच्या परीक्षेत १९१२ साली पहिले येऊन संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावणारे, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपदाचा त्याग करणारे, आणि ज्या मेघाचा प्रवास आमच्या विदर्भातील रामटेकाहून सुरू झाला असे आपण मानतो, त्या कालिदासाच्या मेघदूताचे मराठीत भाषांतर करणारे हे गृहस्थ! विद्वत्ता, चारित्र्य व अधिकार यांचा असा त्रिवेणीसंगम विरळाच.

पहिल्या पसंतीची मते गिरींस ४,०१,५१५, रेड्डींस ३,१३,५४८ व देशमुखांस १,१२,७६९ मिळाली. एकूण ८,३६,३३७ मतांपैकी निम्म्याहून एक अधिक, म्हणजे ४,१८,१६९ मते कोणासच न मिळाल्याने खालचे उमेदवार क्रमाने गळत गेले व त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजण्यात आली. त्यात रेड्डींची मते सुमारे ९२ हजारांनी वाढून ४,०५,४२७ झाली, तर गिरींची अवघी साडेअठरा हजारांनी वाढून ४,२०,०७७ झाली. देशमुखांच्या बाजूची बहुतेक दुसरी पसंती रेड्डींकडे वळूनही ती अपुरी पडली व गिरी राष्ट्रपती झाले. दोघांतील अखेरचे अंतर १४,६५० मतांचे, म्हणजे एकूण मतांच्या शेकडा दोनाहूनही कमी होते. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सभासदांस सदसद्विवेकबुद्धीस स्मरून मत देण्यास सांगितले होते. त्याचे पर्यवसान त्याच वर्षी काँग्रेस दुभंगण्यात झाले.

या निकालाने अनेक मराठी घरांत हळहळ व्यक्त झाली. आपला मनुष्य, एवढा विद्वान, आणि तिसऱ्या क्रमांकावर! ही हळहळ स्वाभाविक होती. पुढे २००७ साली जळगावच्या प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या. शिवसेना तेव्हा विरुद्ध आघाडीत होती. परंतु उमेदवार मराठी आहे, या एका कारणास्तव तिने आपला पाठिंबा प्रतिभाताईंस दिला. त्या ६,३८,११६ मते मिळवून निवडून आल्या व देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. तेव्हाही ‘आपला मनुष्य’ हीच भावना सर्वत्र बोलली गेली आणि तीस कोणी नावे ठेविली नाहीत.

आणि येथेच आम्हांस वाचकांशी दोन शब्द स्पष्टपणे बोलावयाचे आहेत. १८ जुलै २०२२ रोजी झालेल्या निवडणुकीत ओडिशातील मयूरभंजच्या संथाळ समाजात जन्मलेल्या द्रौपदी मुर्मू ६,७६,८०३ मतांनी विजयी झाल्या. प्रतिस्पर्धी यशवंत सिन्हा यांस ३,८०,१७७ मते मिळाली. महाराष्ट्रात २८३ आमदारांनी मतदान केले. मुर्मूंस १८१ व सिन्हांस ९८ मते पडली. चार बाद झाली. मतदान गुप्त असल्याने आणि या निवडणुकीत पक्षादेश चालत नसल्याने आमच्या नऊ जणांपैकी कोणी कोणास मत दिले हे कागदोपत्री कधीच उमगणार नाही, आणि ते तसेच योग्य आहे. मात्र एक आदिवासी स्त्री राष्ट्रपती झाली, या वार्तेचा आमच्या प्रदेशातील गोंड व माडिया बंधुभगिनींस आनंद वाटला असल्यास, त्यास ‘हे केवळ नावापुरते’ म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आपणांस आहे काय? देशमुखांसाठी जी हळहळ आणि प्रतिभाताईंसाठी जो हर्ष आपण योग्य मानला, तोच शेजाऱ्याच्या घरी संकुचित कसा ठरतो? ‘आपला’ हा शब्द आपल्या ओसरीपाशीच थांबत असेल तर त्यास राष्ट्रभावना म्हणता येणार नाही.

‘राष्ट्रपतीस अधिकार तो काय?’ असा आक्षेप कोणी घेईल. पुण्यामुंबईच्या मनुष्याने तो घेतल्यास समजू शकते. गडचिरोलीच्या मनुष्याने घेणे अज्ञानाचे होय. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे कोणता प्रदेश अनुसूचित क्षेत्र समजावयाचा, हे राष्ट्रपतीच्या आदेशाने ठरते. २ डिसेंबर १९८५ च्या आदेशात अहेरी, एटापल्ली, सिरोंचा, धानोरा व कुरखेडा या तालुक्यांची नावे आहेत. अशा क्षेत्राच्या कारभाराविषयी राज्यपालांनी राष्ट्रपतीस प्रतिवर्षी अहवाल द्यावयाचा असतो. आणि तेथील जमिनीचे हस्तांतर वा सावकारी यांवर निर्बंध घालणारे जे विनियम राज्यपाल करतील, त्यांस राष्ट्रपतीची संमती मिळेपर्यंत अंमल नसतो. राष्ट्रपती हे सर्व मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात हे खरे. तथापि स्वाक्षरी करणारा हात त्या रानाची ओळख असलेला असावा, ही अपेक्षा गैर कशी? ५ जुलै २०२३ रोजी राष्ट्रपती मुर्मू गोंडवाना विद्यापीठाच्या पदवीदान समारंभास गडचिरोलीस आल्या, तेव्हा या अपेक्षेस प्रत्यक्ष रूप आले असे आम्ही मानतो. पण केवळ मानाने पोट भरत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून त्या वार्षिक अहवालांत आमच्या तालुक्यांविषयी काय लिहिले जाते व त्यावर काय होते, हे विचारण्याचे काम सुशिक्षितांचे आहे. ज्यांस वाचता-लिहिता येते त्यांनीच ते केले नाही, तर तेंदूपत्ता व मोहफुले वेचून दिवस काढणाऱ्याने ते करावे काय?

मताची किंमत या प्रदेशास कळत नाही, असे तर कोणी म्हणूच नये. लोकसभेसाठी १९ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले, तेव्हा गडचिरोली-चिमूर मतदारसंघात शेकडा ७१ हून अधिक लोकांनी मत दिले. त्याच दिवशी नागपूरसारख्या विद्येच्या नगरीत तो आकडा ५४ च्या आसपास होता. गडचिरोलीच्या अंतर्भागात मतदान दुपारी तीन वाजताच संपविले जाते, मतदान अधिकाऱ्यांस काही ठिकाणी हेलिकॉप्टरने पोहोचवावे लागते, आणि रानवाटेने पायी येणारे मतदारही असतात. घरापासून केंद्र हाकेच्या अंतरावर असताना उन्हाची सबब सांगणाऱ्या शहरवासीयांनी यावरून काय बोध घ्यावयाचा तो घ्यावा.

अमेरिकेतील एखाद्या संस्थानाच्या जुन्या आकड्यांवर तेथील लोक आजही वाद घालतात, कारण त्या आकड्यांत त्यांस आपली माणसे दिसतात. आमच्या १,५७५ या आकड्यातही माणसे आहेत. ती दिसावयाची तर यापुढे विधानसभेच्या निवडणुकीत मत देताना प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी, आणि घरातील सुनालेकींसही ती आवर्जून सांगावी. आपण ज्यास मुंबईस धाडतो, तो रस्ते, पूल व पाणी यांपुरताच आपला प्रतिनिधी नसतो. देशाच्या सर्वोच्च आसनावर कोणी बसावे, हे ठरविताना आपल्या वतीने १७५ च्या मोलाचे मत तोच देतो. आणि ते बंद खोलीत, कोणाच्याही आज्ञेवाचून, स्वतःच्या बुद्धीने देतो. म्हणून त्यास पाठविताना त्याच्या पक्षाबरोबरच त्याची बुद्धी व वृत्तीही पारखून घ्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.