डब्यातला सामन आणि आमची आगोट

परवा रात्री साडेदहाला आईचा व्हिडिओ कॉल आला. मी ओट्याशी उभा राहूनच जेवत होतो.

"काय जेवतंस रे?"

"मासे-भात."

आईचा चेहरा एकदम फुलला. "कसले मासे?"

"सामन. डब्यातला."

फुललेला चेहरा मिटला. "डब्यातलो? किती दिसांचो?"

मी डबा उलटा करून बघितला. बुडावर छापलेली तारीख अजून तीन वर्षं लांब होती. हे मी तिला सांगितलं नाही. तरी व्हायचं ते झालंच. "इतके पैशे मिळवतंस आणि शिळा खातंस?"

या वाक्याला तोंडावर उत्तर द्यायची माझी हिंमत नाही. म्हणून शनिवार सकाळ हातात आहे तर इथे लिहून काढतो. (आपण लिहिताना 'सॅल्मन' लिहितो, पण इथे त्यातला 'ल' कुणी उच्चारत नाही. मीही आता सामनच म्हणतो.)

आधी थोडी पार्श्वभूमी. घर मालवणकडचं, नोकरी सिअ‍ॅटलच्या बाजूला, शिक्षण इंजिनिअरिंग, स्वयंपाकाचं ज्ञान चहा आणि मॅगी. इथे आल्यावर पहिलं दीड वर्ष फ्रोझन पराठे, पिझ्झा आणि हापिसातला फुकट खाऊ यांवर काढलं. मागच्या वर्षी रक्ततपासणी केली. ट्रायग्लिसराइड २६० आणि ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. डॉक्टरबाई कीबोर्डवर टाइप करता करता विचारत होत्या, घरी कुणाला हृदयविकार? म्हटलं, बाबांना. कितव्या वर्षी? बावन्नाव्या. बाईंचं टाइप करणं थांबलं.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी थर्ड इयरला होतो. रात्रीची एस्टी पकडून गेलो होतो. आयसीयूच्या बाहेरचा तो बाक अजून आठवतो. त्यामुळे बाईंनी पुढे जे सांगितलं ते मी नेहमीसारखं कानाआड केलं नाही. चाला, तळलेलं कमी करा, गोड पेयं बंद करा आणि आठवड्यातून दोनदा मासे खा. मला हसूच आलं. मालवणी माणसाला मासे खा म्हणून डॉक्टरने सांगायचं! मग घरी येऊन हिशेब केला. आदल्या वर्षभरात मी चार वेळा मासे खाल्ले होते.

का, ते सांगतो. शनिवारी दुकानातून ताजा तुकडा आणायचा. रविवारी मित्र बोलावतात. सोमवारी कंटाळा. मंगळवारी रिलीज. गुरुवारी फ्रीज उघडला की वास. तीन वेळा मी चांगला महागाचा मासा कचऱ्यात टाकला आणि तो नाद सोडून दिला. नंतर एकदा दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर, वाकून बघावं लागेल अशा जागी, हा उंच डबा दिसला. ४१८ ग्रॅम, अलास्काचा गुलाबी सामन. घटक पदार्थ दोन. सामन आणि मीठ. इथल्या ब्रेडच्या पिशवीवरची यादी ज्याने वाचलीय त्याला या दोन शब्दांचं महत्त्व कळेल.

आता आईचा मुद्दा. हा मासा शिळा आहे का?

डबा कसा भरतात ते बघू. माशाचं डोकं, शेपूट आणि आतडी काढतात, तुकडे करतात आणि ते कच्चेच डब्यात भरतात. थोडं मीठ घालतात. पाणी, तेल काही घालत नाहीत. डबा उघडल्यावर दिसतो तो रस माशाचाच. हवा काढून झाकण बसवतात आणि मग डबे मोठ्या वाफेच्या यंत्रात तासाभराहून जास्त शिजतात, साधारण १२० अंशांना. आपल्या घरच्या प्रेशर कुकरच्या आतलं तापमानही तेवढ्याच्या आसपास असतं. हा आकडा उगाच नाही. बोटुलिझमचे जंतू जे बीजाणू तयार करतात, ते १०० अंशांच्या उकळत्या पाण्यातही मरत नाहीत, म्हणून वाफ कोंडून त्याच्या वर जावं लागतं. एवढ्या उष्णतेत काटे इतके मऊ होतात की बोटांनी चुरतात. थोडक्यात, हा मासा एकदाच शिजतो, बंद डब्यात शिजतो आणि शिजल्यावर त्याला कुणाचा हात लागत नाही.

गंमत म्हणजे ही युक्ती तिच्या कारणाच्या आधी सापडली. निकोला अपेर नावाच्या फ्रेंच माणसाने बाटल्यांत अन्न बंद करून, उकळून टिकवायची पद्धत शोधली आणि १८१० मध्ये फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळवलं. अन्न जंतूंमुळे नासतं हे सिद्ध करणारा पाश्चर जन्मला १८२२ मध्ये. का चालतं ते माहीत नाही पण चालतंय, असा कोड आम्हीही लिहितो. फक्त आमचा दोनशे वर्षं टिकत नाही. :-)

सामनच का, तर याचं कारण त्या माशाच्या स्वभावात आहे. सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. पॅसिफिकचा सामन अंडी घालून मरतो. गुलाबी सामनचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं. सिअ‍ॅटलच्या बॅलर्ड लॉक्सला मासे चढून जावेत म्हणून पायऱ्या केल्यात, त्याला खाली काचेच्या खिडक्या आहेत. जुलैत तिथे उभं राहिलं की प्रवाहाच्या उलट धडपडणारे सॉकाय सामन दिसतात. पोरं काचेला नाक लावून बघत असतात आणि माझ्यासारखे मोठेही.

म्हणजे हा मासा वर्षभर थोडा थोडा मिळत नाही, एकदम येतो. अलास्काच्या ब्रिस्टल बे मध्ये २०२२ साली सुमारे ७.९ कोटी सॉकाय आले, आणि तिथला सगळा जोर जुलैच्या आगेमागे काही आठवड्यांचा. एवढे मासे ताजे खाणार कोण? सुकवा, धुरी द्या, गोठवा नाहीतर डब्यात भरा. पॅसिफिक सामनचा पहिला डबा कारखाना १८६४ मध्ये कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीवर निघाला आणि १८७८ मध्ये डबे अलास्कात पोहोचले. आज बराच माल गोठवतात, तरी डबे भरणं चालूच आहे.

आता मला सांगा, हे वाचून कोकणातल्या माणसाला काही ओळखीचं वाटतं की नाही?

आमच्याकडे मे महिन्यात आगोटीची बेगमी चालायची. पाऊस लागला की होड्या वर ओढून झापांनी झाकायच्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीला बंदी. मग नारळी पौर्णिमेपर्यंत जेवायचं कशाबरोबर? तर सुके बांगडे, सुकट, गोलमो, बोंबील. मे महिन्याच्या उन्हात आई ते पुन्हा एकदा खडखडीत वाळवायची आणि ठेवायची कशात? पत्र्याच्या डब्यात! घट्ट झाकणाच्या, माळ्यावरच्या. आषाढातल्या धो धो पावसात पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा खाताना 'शिळा' हा शब्द घरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. त्याला आम्ही बेगमी म्हणायचो. मग अलास्कातल्या माणसाने तेच केलं की ते शिळं कसं?

उलट 'ताजा' या शब्दाकडेच जरा नीट बघायला हवं. इथल्या दुकानात बर्फावर मांडलेल्या कित्येक तुकड्यांपुढे बारीक अक्षरांत 'आधी गोठवलेला' असं लिहिलेलं असतं. पाळीव अटलांटिक सामनचा केशरी रंग त्याच्या खाद्यात घातलेल्या रंगद्रव्यातून येतो, तेही लेबलावर असतं. अलास्कात मात्र १९९० पासून मत्स्यशेतीला बंदी आहे. काही पिल्लं सरकारमान्य केंद्रांत जन्मतात, पण वाढतात मोकळ्या समुद्रात. तेव्हा डब्यावर अलास्का असेल तर आतला मासा पिंजऱ्यातला नाही.

ताजेपणाबद्दल अजून एक गोष्ट आहे, जी मला इथे एकटं राहिल्यावर कळली. आमच्या घरी मासा ताजा असायचा, कारण आई सकाळी सातला बाजारात असायची. भाव करायची, कल्ले उघडून बघायची, घरी येऊन विळीवर साफ करायची, वाटण वाटायची आणि मग शाळेत शिकवायला जायची. ते ताजेपण माशात थोडं आणि आईच्या कमरेत जास्त होतं. आम्ही पानावर बसून 'आज मीठ कमी झालंय' म्हणायचो. आता तिच्याच कष्टांचं माप लावून मी माझं जेवण मोजलं, तर रोज नापास होणार आणि नापास झालो की पिझ्झा मागवणार. त्यापेक्षा दहा मिनिटांत होणारं आणि पोटाला बरं असलेलं जेवण मला जास्त प्रामाणिक वाटतं.

पोटाला बरं म्हणजे किती? डब्यातल्या १०० ग्रॅम सामनमध्ये २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, काट्यांसकट खाल्लं तर २०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, भरपूर ड जीवनसत्त्व (सिअ‍ॅटलच्या हिवाळ्यात सूर्य रजेवर असतो) आणि हृदयाला चांगली म्हणतात ती ओमेगा-३ मेदाम्लं. पारा कमी, म्हणून अमेरिकन सरकारच्या यादीत सामन 'उत्तम' या रकान्यात आहे.

मात्र हे औषध नाही. २०१८ मध्ये व्हायटल नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पंचवीस हजारांहून जास्त लोक होते, त्यातल्या निम्म्यांना रोज माशाच्या तेलाची गोळी दिली होती आणि हृदयविकाराच्या मोठ्या घटना एकंदरीत फारशा कमी झाल्या नाहीत. गोळी गिळून वर पिझ्झा खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. माशाचा फायदा मासा पिझ्झाच्या जागी येतो यातही आहे. माझं ट्रायग्लिसराइड आठ महिन्यांत १७० वर आलं. त्यात डब्याचं श्रेय किती, चालण्याचं किती, कोल्ड्रिंक सोडल्याचं किती, मला सांगता येणार नाही. तीन बदल एकदम डिप्लॉय केल्यावर दुसरं काय होणार!

आता कृती. डब्यातला रस काढा, कातडी नको असेल तर काढा, काटे बोटांनी चुरा. चमचाभर तेलात ठेचलेला लसूण टाकून सामन कोरडा आणि थोडा खरपूस होईपर्यंत परता. दुसरीकडे बारीक चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, अर्धी वाटी खोवलेलं खोबरं, भिजवलेली दोन आमसुलं कुस्करून, कोथिंबीर आणि बी काढून ठेचलेली चार तिरफळं. जेवायला बसताना दोन्ही एकत्र करा. वरून मीठ घालू नका. झाली सामनची किसमूर. सुक्या बांगड्याची करतात तशीच. सामन बांगड्यासारखाच तेलकट, त्यामुळे त्याला तिरफळ चालतं. घरून आणलेली तिरफळं संपली तर चिनी दुकानातलं सिचुआन मिरं घ्या, ते तिरफळाचं चुलत भावंडच आहे.

दोन-तीन इशारे. एक, मीठ. रक्तदाब असेल तर बिनमिठाचा डबा मिळतो, तो घ्या. दोन, फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. १९८२ मध्ये बेल्जियममध्ये अलास्काचा डबा खाऊन एक माणूस बोटुलिझमने गेला. डब्याच्या पत्र्याला यंत्राने पाडलेलं बारीकसं भोक होतं आणि कोट्यवधी डबे परत मागवावे लागले. शिजवण्यात चूक नसली तरी एका भोकाने सगळं गेलं. तीन, कधी डब्यात काचेसारखे खडे दिसतात. ते बहुतेक वेळा स्ट्रुव्हाइटचे निरुपद्रवी स्फटिक असतात. कोमट व्हिनेगरमध्ये टाकून बघा, विरघळले तर स्फटिक, नाही तर काच.

आणि सामन सगळीकडे मुबलक आहे असंही नाही. त्याच अलास्कातल्या युकॉन नदीत चिनूक सामन इतका घटला की २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने त्याची मासेमारी सात वर्षं बंद ठेवायचा करार केला. नदीकाठच्या लोकांची वाळवणं रिकामी आहेत. डबा उघडताना मला हे आठवतं आणि उरलेलं मी फेकत नाही.

शेवटचा मुद्दा घरच्यांसाठी. हे वाचून पुण्या-मुंबईत कुणी परदेशी सामन शोधायला निघू नये. हॉटेलात 'इंडियन सॅल्मन' म्हणून मिळतो तो रावस, चांगला मासा, पण सामनच्या कुळातला नव्हे. आणि ओमेगा-३ च हवं असेल तर आपला बांगडा आणि तारली आहेत की. तेलकट, स्वस्त, दारात मिळणारे. बाबांना मी तेच सांगतो. सामनचा डबा सामनच्या मुलखात राहणाऱ्या, वेळ नसलेल्या माणसासाठी. जिथे राहतो तिथली आगोट भरायची, एवढंच माझं म्हणणं.

आईला त्या रात्री यातलं काहीच बोललो नाही. नुसती ताटली कॅमेऱ्यासमोर धरली. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "तिरफळा घातलंस काय?"

घातली होती. असो. आज शनिवार, फडताळात अजून पाच डबे आहेत आणि भूक लागलीय.