वाफेचा जमाखर्च

घरांतील गीझर बिघडल्यापासून आमच्या स्नानाचें पाणी शेगडीवर तापतें. गेल्या महिन्यांत गॅसचें सिलिंडर नेहमींपेक्षां बरेंच आधीं संपलें, तेव्हां पांच लिटर पाण्यास असा गॅस तो किती लागणार, असें म्हणून आम्हीं सारा दोष सूनबाईच्या माथीं मारला. ती कांहींच बोलली नाहीं. पुढें एके सकाळीं पूजा आटोपून पातेल्याकडे गेलों असतां जें ध्यानांत आलें, तें येथें मांडीत आहों.

ऊर्जेचा हिशेब करण्यापूर्वीं पदार्थविज्ञानांत एक कुंपण आंखावें लागतें. कुंपणाच्या आंत असेल ती प्रणाली. कुंपणांतून द्रव्य जात-येत नसून केवळ उष्णता आणि कार्य यांचीच देवघेव होत असेल, तर ती संवृत. द्रव्यहि जात-येत असेल, तर विवृत. (‘अ’काराच्या संवृत आणि विवृत उच्चारांवर घोकंपट्टी केलेल्या आमच्यासारख्यांस हे शब्द पुन्हां येथें भेटावे याची मौज वाटते.) संवृत प्रणालीचा हिशेब 1850 सालीं क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञानें समीकरणांत बसविला: मिळालेल्या उष्णतेंतून बाहेर केलेलें कार्य वजा करावें, उरेल तेवढी आंतील ऊर्जा वाढली. विवृत प्रणालींत मात्र बाहेर पडणाऱ्या द्रव्याचीहि रक्कम खर्चीं घालावी लागते. कारण सासरीं निघालेल्या मुलीप्रमाणें तें रित्या हातीं जात नाहीं.

आतां आमचें पातेलें. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनें तापविण्यास सुमारें एक किलोकॅलरी लागते. पांच लिटर पाणी 20 अंशांवरून 100 अंशांवर नेण्यास 400. येथवर हिशेब सरळ आहे. परंतु पाण्यास उकळी फुटे तेव्हां आम्ही पूजेंत असूं, आणि पूजा संपेपर्यंत पातेलें झांकणावांचून खदखदत राही. मोजून पाहिलें तों पाऊण लिटर पाणी उडालेलें! एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारें 540 किलोकॅलरी लागतात. त्यांपैकीं सुमारें 40 तर वाफेनें आपल्या जागेसाठीं बाहेरील हवेस मागें सारण्यांतच जातात. म्हणजे पाऊण लिटरामागें 405. जेवढी उष्णता स्नानास घेतली, तेवढीच पुन्हां वाऱ्यावर! आणि पाणी मात्र 100 अंशांवरच, एका अंशानेंहि अधिक ऊन नाहीं.

झांकण घातल्यानें प्रणाली बरीचशी संवृत होते; पण खालीं मोठी ज्योत तशीच ठेविल्यास वाफ झांकण उचलून वाट काढतेच. खरा उपाय शेगडीच्या खिटीपाशीं आहे.

एक किलो गॅसमध्यें सुमारें 11,000 किलोकॅलरी असतात. त्यांतील निम्म्याच भांड्यास पोंचतात असें धरलें, तर उडालेल्या वाफेपायीं रोज 74 ग्रॅम, तीस दिवसांत दोन किलोंहून अधिक. सिलिंडरांत असतो 14.2 किलो.

हा कागद आम्हीं सूनबाईस दाखविला आणि आपली चूक कबूल केली. तिनें तो शांतपणें वाचला, घडी घालून डब्याखालीं ठेविला, आणि एवढेंच विचारलें, “मग मामंजी, उद्यांपासून पूजा आधीं कीं स्नान आधीं?”

आमची पूजा पारोशानेंच होत होती, हें तिनें इतके दिवस बोलून दाखविलें नव्हतें.