किरायेदाराचे आडनाव नको, कागद विचारा

धामणगाव रेल्वेत दोन खोल्या रिकाम्या झाल्या की पाटी लावायची गरज पडत नाही. सकाळी किराणा दुकानात सांगितले की संध्याकाळी फोन येतो. बँकेत बदलून आलेला कर्मचारी, शाळेतले नवे मास्तर, कॉलेजला खेड्यावरून आलेली मुले, कापसाच्या हंगामात जिनिंगवर येणारे कारागीर... मुंबई-नागपूर रेल्वेवरचे हे तालुक्याचे गाव. त्यामुळे खोली शोधणारा माणूस इथे कायम असतो.

आम्हीही निवृत्तीच्या पैशांतून वर दोन खोल्या बांधल्या. घर किरायाने देण्याची आयुष्यातली पहिलीच वेळ. सर्वांत आधी आली ती एक परिचारिका. एकटी राहणार होती. नोकरीचे ओळखपत्र, आधार, आधीच्या घरमालकाचा नंबर, सगळे पिशवीत घेऊन आली होती. आम्ही कागद पाहिलेच नाहीत. आडनाव विचारले, गाव विचारले आणि ‘घरी बोलून सांगतो’ म्हणून बोळवण केली. पुन्हा फोन केला नाही.

आठवड्याने दुसरा आला. सोबत ओळखीचे गृहस्थ होते. ‘आपलाच मानूस हाये जी, कागद कायले पाहिजे?’ एवढ्यावर किल्ली दिली. दोन महिने किराया आला. पुढचे पाच महिने फक्त वायदे आले. एका सकाळी वर गेलो तर खोली उघडी, सामान गायब आणि थकलेले विजेचे बिल आमच्याच नावावर! त्या परिचारिकेला दोन गल्ल्या सोडून खोली मिळाली होती. तिचे घरमालक भेटले की सांगतात, पाच तारखेच्या आत पैसे खात्यात पडतात.

नुकसान पैशांचे झाले, ते भरून निघेल. पण आम्ही तिला का नाकारले, याचे उत्तर स्वतःलाही नीट देता येत नाही. हा लेख त्यातूनच सुचला. पहिल्यांदा घर किरायाने देणारे बहुतेक जण आमच्यासारखीच चूक करतात. जे विचारू नये ते बिनधास्त विचारतात आणि जे विचारायलाच हवे ते विचारायला लाजतात.

भीती कुठून आली?

‘किरायेदार ठेवला म्हणजे घर गेले’ असे जुनी माणसे म्हणतात. त्याला कारण आहे. विदर्भात पूर्वी सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश, १९४९ लागू होता. किरायेदारी संपवण्याची नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. परवानगीसाठी एक लढाई, मग ताब्यासाठी न्यायालयात दुसरी. आजोबांनी लावलेला खटला नातवाने चालवावा, अशी स्थिती असे.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि राज्यभर एकच कायदा आला. पण मनातली भीती राहिली. तिच्यावर आपण शोधलेला उपाय म्हणजे ‘आपल्यातला’ माणूस पाहणे. कायद्याने दिलेला उपाय वेगळा आहे आणि तो जास्त पक्का आहे.

‘बारा वर्षे राहिला की घर त्याचे’ हीही अशीच एक समजूत. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काविरुद्ध, त्याच्या परवानगीशिवाय ठेवलेल्या ताब्यासाठी आहे. तुमच्या परवानगीने, करार करून राहणारा माणूस केवळ वर्षे मोजून मालक होत नाही. मात्र परवानगी होती हे दाखवायला कागद लागतो.

अकरा महिन्यांचा गैरसमज

स्टँप पेपर आणायचा, अकरा महिन्यांचा करार टाइप करायचा, नोटरीचा शिक्का मारायचा आणि कपाटात ठेवायचा. गावोगावी हेच चालते. एक वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, असे कुणीतरी सांगितलेले असते. महाराष्ट्रात हे चुकीचे आहे. राज्याच्या कायद्याचे कलम ५५ सांगते की भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. मुदत अकरा महिने असो वा तीन वर्षे.

हे कलम घरमालकाने दोनदा वाचावे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, किरायेदारावर नाही. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिले याबाबत किरायेदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्यास सिद्ध करण्याचे काम मालकाचे. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. म्हणजे नोंदणी टाळून आपण किरायेदारावर उपकार करत नाही, स्वतःच्याच हातातली काठी त्याला देतो.

खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क साधारणपणे करार काळातल्या एकूण किरायाच्या पाव टक्का. त्यात अनामत रकमेवरचे वार्षिक दहा टक्के व्याज धरून हिशोब होतो. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५०० रुपये. दस्त करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी होते, तशीच नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन सोयीतून आधार आणि बोटांच्या ठशांवर घरबसल्याही होते.

नोंदणीचा खरा फायदा शेवटी दिसतो. राहण्यासाठी दिलेल्या जागेची लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो. मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. ‘आपलाच मानूस’ ही हमी कोणत्याही कलमात नाही.

मग काय तपासावे?

पहिले, ओळख. आधारची झेरॉक्स घेऊन फायलीत लावणे म्हणजे तपासणी नव्हे. आधार कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्याच अधिकृत ॲपने स्कॅन केला की नाव आणि फोटो समोर येतो. तो कार्डावरच्या आणि समोरच्या माणसाशी जुळतो का, ते पाहा. जवळ ठेवायची प्रत पहिले आठ अंक झाकलेल्या, म्हणजे मास्क्ड आधारची असली तरी चालते. आणि त्याचे कागद कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

दुसरे, कमाई. नोकरदार असेल तर ओळखपत्र आणि पगाराची पावती. दुकान किंवा हातगाडी असेल तर स्वतः तिकडून एक चक्कर मारा. विद्यार्थी असेल तर कॉलेजचे ओळखपत्र आणि आईवडिलांशी प्रत्यक्ष भेट. हंगामी कामगार असतील तर करार शक्यतो त्यांना आणणाऱ्या ठेकेदाराशी करा आणि राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्यात लिहा. माझा ठोकताळा असा: किराया कमाईच्या तिसऱ्या हिश्श्यावर जात असेल, तर माणूस कितीही सज्जन असला तरी ओढाताण होणारच.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, आधीचा घरमालक. इथे एक मेख आहे. सध्याचा मालक त्रासलेला असेल तर तो स्तुतीच करेल, कारण त्याला खोली रिकामी हवी असते. म्हणून त्याच्याही आधीच्या मालकाला फोन करा. माहिती आपण पुरवू नका. ‘चार हजार देत होते ना?’ असे न विचारता ‘किराया किती होता, किती दिवस राहिले?’ असे विचारा. मालक म्हणून मित्राला फोनवर बसवले असेल तर तो इथेच अडखळतो. शेवटी एकच विचारा, ‘तुमची खोली आज रिकामी असती तर त्यांना पुन्हा दिली असती का?’ पलीकडचा माणूस किती वेळ थांबतो, त्यातच उत्तर असते.

चौथे, पैशांच्या अटी. अनामत किती, ती केव्हा परत, त्यातून काय कापणार, विजेचे बिल कोण भरणार, घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी, किराया थकला तर करार कसा संपणार, हे सगळे करारात लिहा. महावितरणचे मीटर तुमच्या नावावर असेल तर थकबाकीही तुमच्याच नावावर पडते, हे आम्ही पैसे मोजून शिकलो. केंद्राने जून २०२१ मध्ये राज्यांसाठी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांची अनामत सुचवली आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे, पण माप म्हणून वाईट नाही.

पोलिसांना माहिती

किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, असे आदेश प्रशासन वेळोवेळी काढते. ते मोडल्यास आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार कारवाई होऊ शकते. धामणगावकरांनी दत्तापूर पोलीस ठाण्यात फॉर्म द्यावा किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरावा.

पण फॉर्म दिला म्हणजे ‘पोलिसांनी माणूस पास केला’ असे नव्हे. ती फक्त तुम्ही दिलेली माहिती आहे. चारित्र्य पडताळणीचा दाखला ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यासाठी अर्ज त्या माणसाने स्वतः करायचा असतो. फॉर्मवर भिस्त ठेवून आधीच्या मालकाला फोन करायचे टाळू नका.

फोनवरचा ‘साहेब’

ऑनलाइन जाहिरात टाकणाऱ्यांसाठी एक इशारा. फोन येतो, ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, खोली न पाहताच अनामत पाठवतो.’ व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही येते. शेजारी पुलगावला लष्कराचा दारूगोळा डेपो असल्याने आपल्याकडे ही थाप सहज पटते. मग तो क्यूआर कोड पाठवतो आणि ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ म्हणतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. खोली न पाहता अनामत देणारा माणूस हीच पहिली शंका.

आणि काय विचारू नये?

१९१७ मध्ये परदेशी पदव्या घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. जातीमुळे त्यांना शहरात कुणी जागा देईना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळल्यावर काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. किराया देण्याची ऐपत होती, पगार होता, शिक्षण होते. पण चौकशी त्याची झालीच नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंडला एका मराठी महिलेला, ती मराठी आहे म्हणून, कार्यालयासाठी जागा नाकारली. व्हिडिओ पाहून महाराष्ट्रभर संताप झाला आणि तो योग्यच होता. पण तो संताप व्यक्त करणाऱ्या आपल्यापैकी किती जण फोनवर पहिल्यांदा आडनाव विचारतात? मांसाहार, लग्न, रात्री येण्याची वेळ, घरी कोण येते-जाते, याच्या चौकशा करतात?

कुणी म्हणेल, घर माझे, कुणाला द्यायचे ते मी ठरवणार. निवड तुमचीच आहे. एकाच घरात खाली-वर राहायचे तर पाणी, आवाज, फाटक केव्हा बंद होते, हे आधी बोलून घेण्यात काही गैर नाही. पण ते नियम सगळ्यांना सारखे हवेत. आडनावावरून माणूस किराया देईल की नाही, हे कळत नाही. उलट आडनाव जुळले की आपण बाकीचे काही तपासत नाही आणि फसवणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

तपासणी दोन्ही बाजूंनी

किरायेदारही आपल्याला तपासत असतो. घेतलेल्या प्रत्येक पैशाची पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. किराया थकला म्हणून त्याचे पाणी किंवा वीज तोडणे कलम २९ नुसार गुन्हा आहे. कुलूप लावणे, सामान बाहेर काढणे हे आपले काम नाही. त्यासाठी करार आहे, नोटीस आहे, सक्षम प्राधिकारी आहे. आणि किल्ली दिल्यावर ती खोली त्याचे घर आहे. वर जायचे तर आधी हाक मारावी.

आमच्या खोल्यांत आता तिसरे कुटुंब आले आहे. यावेळी आधीच्या दोन्ही घरमालकांना फोन केले, कागद पाहिले, ठाण्यात फॉर्म दिला, करार नोंदवला. सगळ्याला चार दिवस लागले. त्यांचे आडनाव आम्हाला करारावर सही करताना कळले.

ती परिचारिका अजूनही सकाळी आमच्या घरावरून ड्युटीवर जाते. दिसली की नमस्कार करते.