संत्र्याची बाग आणि यष्टीमागचा पोरगा

बँकेत शेतीकर्जाचे टेबल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला दोन तऱ्हेची कर्जे ठाऊक असतात. एक पीककर्ज. पावसाच्या तोंडावर द्यायचे आणि सोयाबीन, कापूस, तूर घरात आली की वसूल करायचे. दुसरे मुदती कर्ज. विहिरीसाठी, मोटारीसाठी, संत्र्याच्या बागेसाठी. संत्र्याचे कलम लावल्यावर पहिली चार-पाच वर्षे त्यातून पैसा येत नाही. म्हणून त्या काळात शहाणी बँक मुद्दलाचा हप्ता मागत नाही. दुसऱ्याच वर्षी बांधावर उभा राहून ‘संत्री कुठे आहेत?’ असे विचारणारा अधिकारी कितीही कर्तव्यदक्ष असला तरी त्याला शेतीखात्यात ठेवू नये, एवढे तरी आपण मान्य कराल.

वाचक म्हणतील, कादंबऱ्या लिहिणारा हा माणूस आज सकाळी सकाळी बँकेत कुठे शिरला? सांगायचे आहे ते क्रिकेटविषयी. आणि खरे म्हणजे क्रिकेटविषयीही नाही, आपल्या घरातल्या पोरांविषयी. पण वाट बँकेवरून जाते, त्याला माझा इलाज नाही.

निवृत्तीनंतर मी अल्लीपूरला राहतो. हिंगणघाट तालुक्यातले, कापसाच्या पट्ट्यातले हे गाव. इथल्या पोरांनाही मोबाइलवर अकरा खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडण्याचा नाद लागला होता. निवडलेल्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यात धावा काढल्या, बळी घेतले, की तुमच्या खात्यात गुण. पन्नास रुपये लावायचे आणि लाखांची स्वप्ने पाहायची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैसे लावून खेळायच्या स्पर्धा बंद केल्या. मला त्याचे दुःख झाले नाही. एका रात्रीत पीक काढू पाहणारा तो धंदा होता, आणि अशा धंद्यात बी नेहमी शेतकऱ्याचे जाते.

पण नाद असा कायद्याने सुटत नाही. आमच्या गल्लीतल्या बारा पोरांनी मग वहीवरचा खेळ काढला. कल्पना माझ्या न्यू जर्सीतल्या भाच्याची. तिकडे अमेरिकन फुटबॉलचे असे काल्पनिक संघ चालवतात. १९६२ साली ऑकलंडच्या काही मंडळींनी हा प्रकार सुरू केला, असा त्याचा इतिहास आहे. त्यातला एक प्रकार ‘डायनेस्टी’, म्हणजे घराणेशाहीचा. इथे संघ एका हंगामापुरता नसतो. घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षे तुमचाच. दरवर्षी नवे खेळाडू येतात, त्यांतून पाळीपाळीने निवड करायची, सर्वांत मागे राहिलेल्याने आधी. आमच्या वहीत पैसा नाही. शेवटच्या क्रमांकाने सर्वांना तर्री-पोहे खाऊ घालायचे, एवढाच दंड. हिशेब बँकवाल्याकडे असावा म्हणून चिटणीसपद माझ्याकडे आले.

आणि तिथे मला माझे जुने टेबल पुन्हा भेटले. पोरे खेळाडू निवडत होती ती निव्वळ पीककर्जाच्या बुद्धीने. सलामीच्या फलंदाजावर उड्या पडत. तरुण यष्टीरक्षकाला कोणी हात लावेना. एकाने घेतला होता, तर दुसऱ्याच हंगामात बाकीचे त्याला छळू लागले. “काकाजी, सांगा न याले, त्या कीपरले सोडून दे म्हणा. दोन साल झाले, काहीच करून नाई रायला!”

हाच प्रश्न भाच्याच्या खेळात ‘टाइट एंड’ नावाच्या जागेवरच्या नवख्यांबाबत पडतो. हा गडी रांगेच्या टोकाला उभा असतो. एका डावात त्याने भिंत होऊन समोरच्या धिप्पाड माणसाला अडवायचे, दुसऱ्या डावात त्याच जागेवरून धावत सुटून चेंडू झेलायचा. काल्पनिक संघात गुण मिळतात ते झेलण्याचे. अडवण्याचे शून्य. पण अडवता आले नाही तर प्रशिक्षक त्याला बऱ्याचदा मैदानातच उतरवत नाही, मग झेलणार काय? दोन वेगळ्या विद्या एकाच अंगात मुरायला वेळ लागतो. ट्रॅव्हिस केल्सी हा या जागेवरचा थोर खेळाडू. २०१३ साली तिसऱ्या फेरीत त्याची निवड झाली, गुडघ्याच्या दुखण्याने पहिल्या हंगामात तो जेमतेम एक सामना खेळला. पुढे २०१६ ते २०२२ अशी सलग सात वर्षे त्याने हजार यार्डांचा पल्ला ओलांडला. जॉर्ज किटल पाचव्या फेरीत आला, पहिल्या वर्षी ५१५ यार्ड. दुसऱ्या वर्षी, २०१८ मध्ये, १३७७. पहिल्या वर्षाचा हिशेब पाहून ज्यांनी या दोघांना सोडले असेल, त्यांच्या हाती वहीच राहिली असेल.

आपल्याकडे ही जागा यष्टीरक्षकाची. दिवसभर उठाबशा काढायच्या, प्रत्येक चेंडू आपल्याकडेच येणार असे समजून बसायचे, आणि मग फलंदाजीलाही जायचे. झेल आणि यष्टीचीत एवढेच वहीत दिसते. फिरकी चेंडू पायाबाहेरून सुटला असता तो अडवला, त्याची नोंद कुठेच नाही. त्याच्या भरवशावर कप्तानाने फिरकी गोलंदाजाला आणखी चार षटके दिली, त्याचीही नाही. सुटलेल्या चेंडूंच्या ‘बाय’ मोजतात, न सुटलेल्यांच्या कोणी मोजत नाही. आणि गंमत अशी की या न मोजलेल्या कामानेच तो संघात टिकतो आणि टिकला म्हणून मोजले जाणारे काम पुढे त्याच्या हातून होते.

उदाहरणे घरचीच आहेत. अमरावतीचा जितेश शर्मा २०१६ आणि २०१७ मध्ये मुंबई इंडियन्सच्या ताफ्यात होता, सामना एकही मिळाला नाही. आयपीएलमध्ये पहिल्यांदा मैदानात उतरला तो पंजाबकडून, २०२२ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. बंगळूरुने त्याला ११ कोटींना घेतले आणि मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून त्याने संघाला २२८ धावांचे लक्ष्य गाठून दिले. त्या दिवशी सारा विदर्भ म्हणाला, आपला पोट्टा! मधल्या वर्षांत त्याला आपला म्हणणारे किती होते, हे विचारू नये. मुंबईचा समीर दिघे पहिली कसोटी खेळला २००१ साली, चेन्नईत, बत्तीस वर्षांचा असताना. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मालिकेचा निकाल लागत होता आणि दोन गडी राखून मिळालेल्या त्या विजयात त्याच्या नाबाद २२ धावा होत्या. बावीस! वहीत त्याचे किती गुण झाले असते?

आणि धोनी? डिसेंबर २००४ मध्ये तो भारताकडून पहिला सामना खेळला, शून्यावर धावबाद. पहिल्या चार डावांत मिळून धावा बावीस. पाचव्या डावात विशाखापट्टणमला पाकिस्तानविरुद्ध १४८. चौथ्या डावानंतर आमच्या वहीतल्या पोरांनी काय केले असते, ते सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, सगळेच काही उशिरा फळत नाहीत. कबूल. ऋषभ पंत विसाव्या वर्षी इंग्लंडात कसोटी खेळू लागला आणि त्याच मालिकेत ओव्हलवर त्याने शतक ठोकले. रिचा घोष सोळाव्या वर्षी भारताकडून खेळली आणि २०२५ च्या विश्वविजेत्या संघात ती यष्टीमागे होती. तिकडे अमेरिकेत ब्रॉक बोवर्सने २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी ११२ झेल घेऊन नवख्यांचा विक्रम केला. असे झाड मिळाले तर ते नशीब समजावे, नियम समजू नये. शिवाय लवकरचे फळ टिकतेच असे नाही. काइल पिट्स २०२१ मध्ये चौथ्याच क्रमांकावर निवडला गेला, पहिल्या वर्षी १०२६ यार्ड, आणि पुढचे तीन हंगाम तो आकडा पुन्हा दिसला नाही. पार्थिव पटेल सतराव्या वर्षी कसोटी खेळला, दोन वर्षांत संघाबाहेर गेला. पण गोष्ट तिथेही संपली नाही. २०१६-१७ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली गुजरातने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि अंतिम सामन्यात शतक त्याचेच होते. जाणता बागायतदार कोवळ्या झाडावर आलेली फळे तोडून टाकतो, ती काही वेडेपणाने नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. थांबायचे म्हणजे किती थांबायचे? थांबत राहणे हाही एक आळसच असू शकतो. बँकेत त्याला थकबाकी म्हणतात. बरोबर आहे. म्हणून तर मुदती कर्जाला पाहणी असते. अधिकारी तिसऱ्या वर्षी बागेत जातो तेव्हा फळे मोजत नाही. रोपे किती जगली, नांगे भरले का, विहिरीला पाणी आहे का, नवी पालवी कशी आहे, हे पाहतो. तरुण यष्टीरक्षकाचीही अशीच पाहणी करता येते.

पहिले पाहावे, तो मैदानात आहे का. धावा नसल्या तरी संघ त्यालाच यष्टीमागे उभा करतो का, आणि तेही चार दिवसांच्या सामन्यात? करत असेल तर पाणी आहे. दुसरे, त्याच्या पुढे कोण आहे. वृद्धिमान साहा २०१० मध्ये नागपूरच्या जामठ्याला पहिली कसोटी खेळला, तीही निव्वळ फलंदाज म्हणून. ऐन वेळी रोहित शर्मा जखमी झाला म्हणून जागा मिळाली. संघात हक्काची जागा मिळाली ती २०१४ च्या अखेरीस धोनीने कसोटी सोडल्यावर, वयाच्या तिशीत. झाड वाईट असणे वेगळे आणि मोठ्या झाडाच्या सावलीत लावलेले असणे वेगळे. तिसरे, वय. एकोणीस वर्षांच्या पोराच्या तीस धावा आणि सत्तावीस वर्षांच्या गड्याच्या तीस धावा एकाच रकान्यात लिहू नयेत. चौथे, चुका त्याच त्या होतात की नव्या? नव्या होत असतील तर पालवी फुटते आहे. या चारांपैकी एकही गोष्ट दोन-तीन हंगाम दिसली नाही, तर खुशाल सोडावा. त्याला घाई म्हणत नाहीत.

आणि आंतरपीक विसरू नये. बाग लहान असते तोवर शेतकरी ओळींमधून सोयाबीन, हरभरा घेतो आणि त्यावर घर चालवतो. वहीतल्या संघातही दोन-तीन तयार फलंदाज ठेवावेत आणि मग एका कोवळ्या कीपरवर धीर धरावा. नुसत्या आशेवर संसार चालत नाही आणि नुसत्या रोकडीवर बाग होत नाही.

इथपर्यंत खेळ झाला. पण मागच्या उन्हाळ्यात गावातले एक गृहस्थ माझ्याकडे आले. पाच एकर कोरडवाहू, मुलगा सोळा वर्षांचा, गावच्या संघात यष्टीरक्षण करतो. निवड चाचणीत त्याचे नाव आले नव्हते. “साहेब, तुम्ही कर्ज पाहूनच देत होते. माह्या पोराले पाहून सांगा, याच्यात काही दम आहे का? त्याले म्हटलं, थे मागं उभं राहणं सोड, नुसती बॅटिंग कर. धावा पेपरात तरी येतात.”

मी त्यांना पाहणीचे निकष सांगितले. हेही सांगितले, की यष्टीमागे उभ्या राहणाऱ्या हजार पोरांतला एखादाच विदर्भाकडून खेळतो, तेव्हा अभ्यासाचे आंतरपीक चालू ठेवा. पण धावा पेपरात येतात म्हणून त्याचे ग्लोव्हज काढून घेऊ नका. बाप गप्प बसला. त्याच्या डोक्यात वेगळाच हिशेब होता आणि तो खोटा नव्हता. कोरडवाहू शेतकऱ्याला बँकेसारखी पाच वर्षे थांबण्याची ऐपत नसते. त्याचा धीर संपतो तो स्वभावाने नव्हे, पैशाने. अशा घराला ‘धीर धरा’ सांगणे सोपे आहे. तो धीर परवडावा म्हणून गावाने मैदान द्यावे, शाळेने खेळाचे मास्तर द्यावेत, तालुक्याने चाचणी वर्षातून एकदाच न घेता दोनदा घ्यावी, हे सांगणारे कमी. बागेला कर्ज मिळते, पोराला मिळत नाही.

पण ज्यांच्या घरी ऐपत आहे, त्यांचे काय? तिथे तर घाई जास्त. दहावीचे गुण, बारावीचे गुण, एक चाचणी, एक परीक्षा, आणि लगेच निकाल, की यात काही दम नाही. आजीला दवाखान्यात नेणारा, धाकट्याला गणित समजावणारा, घरातले सुटणारे चेंडू मुकाट्याने अडवणारा मुलगा आपल्या वहीत शून्य गुणांचा. वहीतला खेळाडू सोडला तर त्याला कळतही नाही. घरातल्या पोराला मात्र आपण कोणत्या दिवशी सोडले, ते नेमके कळते. तो बोलत नाही, एवढेच.

तेव्हा संध्याकाळी पोर मैदानावरून आले की ‘किती धावा काढल्या?’ हे अवश्य विचारा. पण त्याच्या जोडीला एवढेही विचारून पाहा, “आज किती चेंडू सुटू दिले नाहीस?” उत्तर द्यायला त्याला जरा वेळ लागेल. लागू द्या.