राजमुकुट आणि गाभारा

महाशिवरात्रीच्या पहाटे वालधुनीच्या काठी अंबरनाथच्या शिवालयापुढे भाविकांची रांग लागते. उल्हासनगर, बदलापूर, कल्याण येथून कुटुंबेच्या कुटुंबे हाती बिल्वदळे घेऊन येतात. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, जो शिलालेख तेथे आहे त्यात शिलाहार कुळातील महामंडलेश्वर मामवाणिराजाचे नाव आहे. सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना मात्र एक गोष्ट प्रत्येकाच्या पायांना जाणवते. येथे देवाकडे चढून जायचे नसते, पायऱ्या उतरून जायचे असते. ज्या राजाने हे मंदिर उभारले, त्यालाही त्या पायऱ्या उतराव्याच लागल्या असणार. गाभाऱ्यात राजासाठी निराळी वाट नाही.

या पायऱ्यांवरून एक विचार मनात येतो. राजा देवाचा सेवक असतो, की देवाचा धनी होऊ शकतो? हा प्रश्न आपल्याच धर्मापुढे आला असे नाही. इतिहासात १५३४ हे साल या दृष्टीने मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून राजा आठवा हेन्री हाच आपल्या देशातील ख्रिस्ती धर्मसंस्थेचा सर्वोच्च प्रमुख असल्याचे ठरविले. हे मान्य न करणाऱ्या सर टॉमस मोरसारख्या विद्वान मंत्र्याचे मस्तक पुढच्याच वर्षी उडविण्यात आले. त्याच १५३४ मध्ये रोमच्या पोपने गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. येथून हाकेच्या अंतरावरची ती वसई!

पोर्तुगालच्या राजाला पोपने पूर्वेकडील धर्मकार्याचे आश्रयदातेपण दिले होते. त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. बिशपाचे नाव राजाने सुचवावे, चर्चचा खर्च राजाने चालवावा, अशी ती व्यवस्था. अधिकार थोडा नव्हता. पण तो दिलेला होता, स्वयंभू नव्हता. आता क्षणभर कल्पना करा, की पोर्तुगालच्या तिसऱ्या जॉननेही हेन्रीचा कित्ता गिरविला असता आणि ‘पोप नाही, मीच ख्रिस्ती धर्माचा स्वामी’ अशी द्वाही फिरविली असती. मग वसई ते गोवा या आपल्या किनाऱ्यावर काय घडले असते?

दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रु यांचे उदाहरण घ्या. ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला हा मनुष्य. गोव्याच्या आर्चबिशपाने त्यांना पाद्रीपद नाकारले. तेव्हा ते थेट रोमला गेले. तेथे त्यांना दीक्षा मिळाली आणि १६३७ मध्ये ते बिशप झाले. राजाच्या माणसांनी लावलेले दार त्यांच्यासाठी दुसरीकडे उघडले, कारण राजाच्या वर आणखी कोणी तरी होते. राजाच धर्मस्वामी झाला असता, तर त्यांनी कोणाचे दार ठोठावले असते? अन्याय करणारा आणि न्याय देणारा एकच झाला, की दाद मागण्याला जागाच उरत नाही.

दुसरे उदाहरण फादर स्टीफन्स यांचे. हे जन्माने इंग्रज. जेथे राजसत्तेलाच धर्माचा शेवटचा शब्द मानावे लागे, त्या मायभूमीत त्यांच्या पंथाला जागा उरली नव्हती. १५७९ मध्ये ते गोव्यास आले, मराठी शिकले आणि त्यांनी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. आमचा धर्म निराळा, तरी कीर्तनकार या नात्याने मला त्यांच्या ओवीप्रेमाचे कौतुक वाटते. आणि ज्या गोव्यात हा ग्रंथ झाला, त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांची बोली बंद करण्याचा घाट घातला. भक्ताने भाषा जवळ केली. सत्तेने ती तोडू पाहिली. १५६० मध्ये गोव्यात आलेल्या इन्क्विझिशनने केवढे अश्रू वाहविले, हे येथे सांगावयास नकोच. मर्यादित आश्रयदातेपणातून एवढे झाले, तर अमर्याद स्वामित्वातून काय झाले असते?

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. फिरंगी सत्ता गेली, तिच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. भीमाशंकरी आजही अशी एक घंटा आहे. पण वसईचे ख्रिस्ती बांधव आपल्या श्रद्धेसह तेथेच राहिले, मराठी बोलत राहिले. त्यांच्या श्रद्धेचे मूळ लिस्बनच्या सिंहासनात असते, तर सिंहासन हलताच ती उन्मळून पडली असती, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, ‘बुवा, धर्माचे रक्षण राजाने करू नये काय?’ अवश्य करावे. पण रक्षण वेगळे आणि स्वामित्व वेगळे. शिवछत्रपतींनी अष्टप्रधानांत पंडितराव नेमला. १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी ते गागाभट्टांपुढे बसले, तेव्हा स्वपराक्रमाने राज्य मिळविलेल्या पुरुषाने धर्मापुढे मस्तक लवविले. ‘धर्म म्हणजे मी’ असे ते म्हणाले नाहीत.

मात्र आपणही आरशात पाहिले पाहिजे. राजाने गाभारा बळकावू नये, तसा तो पंडितांनीही बळकावू नये. चोखोबांना विठ्ठलाच्या मंदिराबाहेर ठेवणारा कोणी राजा नव्हता. ते आपल्याच मंडळींचे काम. पंढरीचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले. हे सांगताना माझ्यासारख्या शास्त्र शिकलेल्या माणसाची मान खाली जाते, आणि ती जावी हेच योग्य.

उल्हासनगरातील सिंधी बंधूंना हा विषय समजावून द्यावा लागत नाही. थट्ट्याच्या मिर्खशाहाने ‘माझाच धर्म स्वीकारा’ अशी आज्ञा केली, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी चाळीस दिवस सिंधुतीरी व्रत केले आणि झूलेलाल प्रकटले, अशी त्यांची कथा. फाळणीत घरदार सोडून ते कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. सोबत काही आणता आले नाही, पण चालिहोचे व्रत त्यांनी आणले. बादशहाची आज्ञा विरली, व्रत उरले.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे. सत्ताधारी आपला असो वा परका, आवडता असो वा नावडता, त्याने देवळाची वाट दुरुस्त करावी, यात्रेकरूंना पाणी द्यावे, सर्वांना अभय द्यावे. पण देवाच्या वतीने शेवटचा शब्द बोलण्याचा अधिकार त्याला भक्तांनी देऊ नये. आणि तो आपला असेल, तेव्हा तर मुळीच देऊ नये, कारण परक्यापाशी आपण सावध असतो, आपल्यापाशी नसतो.

आज शिवदर्शनाला जाल, तेव्हा गाभाऱ्याच्या पायऱ्या सावकाश उतरा. लेकरांचा हात धरा आणि त्यांना सांगा, की या पायऱ्या राजालाही चुकल्या नाहीत.

हर हर महादेव!